सरकार छोटं करा, पण माझी पेन्शन सोडून

१९६४च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचा विषय निघाला की सगळ्यांना ती 'डेझी'ची जाहिरात आठवते. लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या तोडत आकडे मोजते आणि पाठोपाठ पडद्यावर अणुस्फोट होतो. रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर निवडून आला तर जग जळेल, हे न बोलता सांगून झालं. डेमोक्रॅट अध्यक्ष लिंडन जॉन्सनच्या प्रचारकांनी ती पैसे मोजून एकदाच दाखवली, तरी ती इतिहासात गेली. त्याच प्रचारातली दुसरी एक जाहिरात मात्र कुणी फारशी काढत नाही. तिच्यात दोन हात सोशल सिक्युरिटीचं कार्ड धरतात आणि टर्रकन फाडतात. म्हणजे म्हातारपणाची पेन्शन गेली. पुढच्या साठ वर्षांचं अमेरिकी उजवं राजकारण समजून घ्यायचं तर अणुस्फोटापेक्षा हे फाटलेलं कार्ड जास्त कामाचं आहे, असं माझं मत आहे.

आपल्याकडे आणि तिकडेही सांगितली जाणारी गोष्ट साधारण अशी असते. गोल्डवॉटर सपाटून हरला, पण त्याने बीज पेरलं. सरकार लहान असावं, कर कमी असावेत, माणसाने आपल्या पायावर उभं राहावं, हा विचार हळूहळू लोकांना पटत गेला. सोळा वर्षांनी रोनाल्ड रेगन आला आणि पीक निघालं. मग २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प नावाचा कुणी उपटसुंभ आला आणि त्याने हे चांगलं घर नासवलं. या गोष्टीतला संघटनेचा भाग खरा आहे. विचार जिंकल्याचा भाग मात्र मला मुळीच मान्य नाही. लहान सरकारचं तत्त्व अमेरिकी मतदाराने १९६४ मध्ये नाकारलं, आणि त्यानंतर जेव्हा जेव्हा कुणी ते सरळ त्याच्यासमोर ठेवलं तेव्हाही नाकारलं. कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळ अध्यक्षपदापर्यंत पोचली ती हे तत्त्व कुठे बोलायचं आणि कुठे गिळायचं हे शिकली म्हणून.

गोल्डवॉटरला गिळता येत नव्हतं, हा त्याचा मोठेपणा आणि तीच त्याची अडचण. फिनिक्समध्ये त्याच्या घराण्याचं मोठं कापडचोपडाचं दुकान होतं, तो स्वतः विमान चालवायचा, बोलायला फटकळ. जानेवारी १९६४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, त्याने सांगितलं की सोशल सिक्युरिटी ऐच्छिक करावी. टेनेसी खोऱ्यात ज्या सरकारी महामंडळाने धरणं बांधून वीज दिली होती, ते विकून टाकावं असंही तो म्हणत असे. ज्यांच्या घरात ती वीज जळत होती त्यांच्यापर्यंत ही बातमी जायची ती गेलीच. नोव्हेंबरमध्ये त्याला ३८.५ टक्के मतं पडली आणि सहा राज्यं मिळाली. एक त्याचं स्वतःचं ॲरिझोना.

उरलेली पाच राज्यं बघा: मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलायना. मिसिसिपीत त्याला तब्बल ८७ टक्के मतं पडली. देशातल्या सर्वांत गरीब, केंद्राच्या पैशावर सर्वांत जास्त विसंबलेल्या राज्यांना अचानक लहान सरकारची आवड लागली, असं कुणी म्हणेल का? कारण उघड होतं. जूनमध्ये नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये आला तेव्हा ३३ रिपब्लिकन सिनेटरांपैकी २७ जणांनी बाजूने मत दिलं. विरोधात गेलेल्या सहांमध्ये गोल्डवॉटर होता. तो स्वतः वर्णद्वेष्टा नव्हता. ॲरिझोनाच्या एअर नॅशनल गार्डमधली वर्णभेदाची भिंत त्यानेच पाडली होती. हॉटेलवाल्याने कुणाला जेवायला वाढावं हे केंद्राने सांगू नये, असा त्याचा घटनात्मक आक्षेप होता. मिसिसिपीतल्या मतदाराला त्यातलं 'घटनात्मक' ऐकू आलं नाही, 'आक्षेप' तेवढा ऐकू आला.

पराभवातून जे हाती लागलं ते मात्र चळवळीने वाया जाऊ दिलं नाही. रिचर्ड व्हिगरी नावाच्या तरुणाला ठाऊक होतं की पन्नास डॉलर किंवा त्याहून जास्त देणगी देणाऱ्यांची नावं कायद्याने वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत जमा असतात आणि कुणालाही बघता येतात. नक्कल यंत्राने काढायला मनाई होती. मग त्याने हाताने उतरवून घ्यायला सुरुवात केली, नंतर त्या कामाला पगारी बायका लावल्या. सुमारे साडेबारा हजार गोल्डवॉटरभक्तांची नावं-पत्ते वह्यांमध्ये उतरले. हरलेल्या उमेदवाराच्या देणगीदारांची यादी इतरांना रद्दी वाटली असती. व्हिगरीने तिच्यावर टपालाने पैसे गोळा करण्याचा एवढा मोठा कारखाना उभा केला, की पुढच्या पंधरा वर्षांत उजव्या उमेदवारांना वर्तमानपत्रांच्या संपादकांची आणि बड्या बँकवाल्यांची मनधरणी करावी लागेना. पत्रात काय लिहिलं की पैसे येतात हेही त्यातून कळलं. भीती आणि चीड लिहिली की येतात. अर्थसंकल्पातली तूट लिहिली की येत नाहीत.

निक्सनवर फार रेंगाळत नाही, कारण तो या चळवळीचा कधी नव्हताच. पर्यावरण संरक्षण संस्था त्याने काढली, १९७१ मध्ये पगार आणि किमती गोठवल्या, माओला जाऊन भेटला. उजव्यांनी त्याला सहन केलं. १९६८ मध्ये खरा बघण्यासारखा माणूस होता जॉर्ज वॉलेस, अलाबामाचा वर्णभेदी माजी गव्हर्नर, जो तिसऱ्या पक्षातर्फे उभा राहिला आणि १३.५ टक्के मतं, पाच राज्यं घेऊन गेला. त्याच्या सभांमध्ये निदर्शकांना, न्यायाधीशांना, प्राध्यापकांना आणि नोकरशहांना शिव्या असत. पण त्याच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात वृद्धांची पेन्शन वाढवण्याचं आश्वासन होतं! विल्यम बकली आणि त्याच्या 'नॅशनल रिव्ह्यू' या उजव्या नियतकालिकाच्या मंडळींना हा गडी आपला वाटेना. सरकारी खर्चावर पोसलेला दक्षिणी लोकानुनयी, असं ते त्याच्याकडे बघत. मला मात्र वाटतं, त्या वर्षी अमेरिकी मतदाराच्या मनातलं सर्वांत अचूक वाचन वॉलेसने केलं होतं. सरकारने मला द्यावं, त्यांना देऊ नये. त्याचा द्वेष उघडावाघडा होता म्हणून तो तेरा टक्क्यांवर अडला.

रेगनने तो हिशेब सभ्य करून दाखवला, आणि तेही एकदम नव्हे. ठेचा खाऊन. १९६१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याच्या आवाजात एक ध्वनिमुद्रिका काढली होती. डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलवायचं, तबकडी लावायची, आणि ती ऐकून झाली की सगळ्यांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांना पत्रं लिहायची, अशी योजना. वृद्धांच्या आरोग्याचा खर्च सरकारने उचलला तर उद्या समाजवाद दारात उभा राहील, असं रेगन त्यात सांगतो. आवाज गोड, युक्तिवाद कडक. १९६४च्या ऑक्टोबरात गोल्डवॉटरसाठी त्याने दूरचित्रवाणीवर केलेलं भाषणही याच वळणाचं होतं. त्या भाषणाने गोल्डवॉटरला वाचवलं नाही, पण दोन वर्षांत रेगनला कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर केलं.

१९७६ मध्ये तो स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध, जेराल्ड फोर्डविरुद्ध उभा राहिला, आणि इथे दोन प्रायमरी शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात. न्यू हॅम्पशायरला जाताना त्याच्या हातात एक योजना होती: ९० अब्ज डॉलरचे केंद्राचे कार्यक्रम राज्यांकडे सोपवायचे. शुद्ध तत्त्व. फोर्डच्या माणसांनी एवढंच विचारलं, की मग न्यू हॅम्पशायरला पैसे कुठून येणार? या राज्यात ना प्राप्तिकर, ना विक्रीकर. कर लावणार की म्हाताऱ्यांचे कार्यक्रम बंद करणार? रेगन थोडक्यात हरला, आणि मग ओळीने हरत गेला. प्रचाराचे पैसे संपत आले. मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलायनात सिनेटर जेसी हेल्म्सच्या यंत्रणेने त्याला हात दिला, आणि तिथे तो पनामा कालव्यावर बोलायला लागला. कालवा आम्ही विकत घेतला, आम्ही पैसे मोजले, तो आमचा आहे. नॉर्थ कॅरोलायना जिंकलं आणि मेलेला उमेदवार उठून बसला. कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात फोर्डला ११८७ आणि त्याला १०७० प्रतिनिधींची मतं पडली, म्हणजे विद्यमान अध्यक्षाच्या नाकी नऊ आले. अर्थकारणाने घालवलं आणि कालव्याने कमावलं. जानेवारी २०२५ मध्ये शपथविधीच्या भाषणात ट्रम्प पनामा कालवा परत घेण्याची भाषा करू लागला तेव्हा लोकांना ते कुठून आलं कळेना. रेगनकडून आलं, दुसरं कुठून!

१९८० पर्यंत रेगन शिकला होता. निवडणुकीच्या आठवडाभर आधी वादसभेत अध्यक्ष जिमी कार्टरने त्याला मेडिकेअरविरोधी, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याविरोधी, जुन्या प्रचाराची आठवण करून दिली. आरोप खरा होता, तबकडी उपलब्ध होती. रेगन हसला, "झालं का तुमचं पुन्हा सुरू," अशा अर्थाचं एक वाक्य टाकलं आणि आपण तेव्हा दुसऱ्या एका विधेयकाच्या बाजूने होतो म्हणून सांगितलं. प्रेक्षक हसले, विषय संपला. पहिल्या शपथविधीच्या भाषणातलं 'सरकार हा उपाय नव्हे, सरकार हीच समस्या' हे वाक्य आज टी-शर्टावर छापतात. त्याआधीचे 'सध्याच्या संकटात' हे शब्द कुणी छापत नाही. पण रेगनने ते ठेवले होते, आणि चार महिन्यांत त्यांचा अर्थही कळला. मे १९८१ मध्ये त्याच्या प्रशासनाने लवकर निवृत्त होणाऱ्यांची पेन्शन कापण्याचा प्रस्ताव आणला. सिनेटमध्ये रिपब्लिकनांचं बहुमत होतं. त्या सिनेटने ९६ विरुद्ध ० मतांनी अशा कपातीला विरोध नोंदवला. शून्य! रेगनने पुन्हा तो रस्ता धरला नाही. १९८३ मध्ये सोशल सिक्युरिटी वाचवायला पगारावरचा कर आधी ठरलेल्यापेक्षा लवकर वाढवण्यावर त्यानेच सही केली.

करांचं काय, असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं, कारण तिथे तत्त्व खरोखर अमलात आलं. प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ७० टक्के होता, रेगन जाईपर्यंत तो २८वर आला. त्याआधी १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात घरपट्टीला लगाम घालणारा 'प्रस्ताव १३' मतदारांनी जवळपास ६५ टक्क्यांनी मंजूर केला होता. महागाईने घरांच्या किमती फुगल्या, घरपट्टी त्यांच्या मागे धावली आणि निवृत्त माणसाला स्वतःच्याच घरात राहणं परवडेना. हा राग अगदी सच्चा होता, त्यात वर्णद्वेष शोधत बसणाऱ्यांशी माझं जमत नाही. १९८० मधली साडेतेरा टक्के महागाई, तेहरानमध्ये ओलीस असलेले अमेरिकी, मोठ्या शहरांतली गुन्हेगारी, यांपैकी काहीच उजव्यांनी रचलेलं नव्हतं. डेमोक्रॅट त्यावर गुळमुळीत बोलत राहिले आणि त्याची शिक्षा त्यांना मिळाली. पण कर कमी करून खर्च तसाच ठेवला तर त्याला लहान सरकार म्हणत नाहीत, उधारीवरचं सरकार म्हणतात. रेगनच्या आठ वर्षांत राष्ट्रीय कर्ज जवळपास तिप्पट झालं. मतदाराला कपात मिळाली, बिल नातवंडांच्या नावावर गेलं, आणि राजकीयदृष्ट्या याच्याइतका यशस्वी तोडगा पक्षाला पुन्हा सापडला नाही. धाकट्या बुशने तोच वापरला, ट्रम्पने दोनदा.

धर्माचा धागाही सांगतात त्यापेक्षा वेगळा आहे. गर्भपाताला मोकळीक देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३च्या निकालाने इव्हँजेलिकल, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंट, मंडळी पेटून उठली, असं सांगतात. पण त्यांच्यातल्याच सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या पंथाच्या अधिवेशनाने १९७१ मध्ये ठराव केला होता तो काही परिस्थितींत गर्भपाताला कायद्याने वाट द्यावी असा. गव्हर्नर असताना १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचा सैल गर्भपात कायदा करणारा रेगनच होता. पाद्र्यांची पहिली मोठी खळबळ उडाली ती खाजगी ख्रिश्चन शाळांच्या करमाफीवर सरकारने डोळा ठेवला तेव्हा. या शाळांपैकी बऱ्याच, काळी मुलं शेजारी बसू नयेत म्हणून निघालेल्या होत्या. पाद्री जेरी फॉलवेलची मॉरल मेजॉरिटी ही संघटना १९७९ मध्ये उभी राहिली तोवर गर्भपात हा जास्त शोभिवंत झेंडा सापडला होता. गोल्डवॉटरला हे सगळं बघून संताप येई. सर्वोच्च न्यायालयावर सँड्रा डे ओकॉनरच्या नेमणुकीवरून फॉलवेल कुरकुरला, तेव्हा प्रत्येक चांगल्या ख्रिश्चनाने त्याच्या ढुंगणावर लाथ घातली पाहिजे, असं तो म्हणाला. समलिंगींना सैन्यात घ्यायलाही म्हातारपणी त्याचा पाठिंबा होता. ज्याच्या नावाने चळवळ सुरू झाली तो शेवटी तिच्यात पाहुणा उरला.

डेट्रॉइटच्या वेशीवर मॅकोम काउंटी आहे, मोटार कारखान्यांतल्या गोऱ्या कामगारांची वस्ती. १९६० मध्ये तिने केनेडीला ६३ टक्के मतं दिली आणि १९८४ मध्ये रेगनला ६६. हे कामगार युनियनचे सभासद होते, पेन्शन घेणारे होते, त्यांना सरकार लहान नको होतं. आपल्या करातून डेट्रॉइट शहरातल्या काळ्यांची भर होते आणि आपल्याकडे कुणी बघत नाही, ही त्यांची तक्रार होती. रेगनने ती ऐकली. डेमोक्रॅटांनी तिला पूर्वग्रह म्हटलं, जो त्यात होताही, पण तेवढ्याने मत मिळत नाही.

सोव्हिएत संघ होता तोवर हे सगळं एका छताखाली राहिलं: वॉल स्ट्रीट, पाद्री, दक्षिण आणि मॅकोम. १९९१ मध्ये तो गेला. लगेच १९९२ मध्ये निक्सनचा जुना भाषणलेखक पॅट ब्यूकॅनन थोरल्या बुशविरुद्ध न्यू हॅम्पशायरमध्ये उभा राहिला आणि ३७ टक्के मतं घेऊन गेला. आयात बंद करा, स्थलांतरितांना रोखा, परदेशातल्या युद्धांत पडू नका, हा त्याचा कार्यक्रम. पक्षाच्या धुरिणांनी त्याला विक्षिप्त ठरवून बाजूला सारलं आणि तत्त्वाकडे परत गेले. काय झालं? २००४ मध्ये धाकटा बुश दुसऱ्यांदा निवडून आला आणि सोशल सिक्युरिटीचा काही भाग शेअर बाजारात वळवण्यासाठी देशभर सभा घेत फिरला. स्वतःचा पक्ष हाती असूनही ते विधेयक मतदानापर्यंत पोचलं नाही. २०१२ मध्ये मिट रॉमनीने पॉल रायनला सोबत घेतलं, ज्याच्या नावावर मेडिकेअरचं व्हाउचरमध्ये रूपांतर करण्याची योजना होती. हरले.

१६ जून २०१५ ला ट्रम्प उमेदवारी जाहीर करायला उभा राहिला तेव्हा सगळ्यांनी मेक्सिकोवरची शिवीगाळ टिपली. त्याच भाषणात, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर आणि मेडिकेड या गरिबांच्या आरोग्य कार्यक्रमाला कात्री न लावता ते वाचवीन, असंही तो म्हणाला होता. वादसभांच्या व्यासपीठावरच्या डझनभर तत्त्वनिष्ठ रिपब्लिकन स्पर्धकांना त्याने कसं झोपवलं याचं मोठं कारण मला या वाक्यात दिसतं. वॉलेसचा जाहीरनामा, ब्यूकॅननचा कार्यक्रम, रेगनचा कॅमेरा. मॅकोम त्याने जिंकलं, आणि मिशिगन राज्य १०,७०४ मतांनी. तेव्हापासून 'ट्रम्पने खरा कॉन्झर्व्हेटिझम बुडवला' म्हणून गळा काढणारे स्तंभलेखक दर आठवड्याला वाचायला मिळतात. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, स्मरणशक्तीबद्दल आहे. आणि उदारमतवाद्यांचं 'बिचारे मतदार फसले' हे पालुपदही तितकंच आळशी. मतदार साठ वर्षं एकच गोष्ट मागत होता. पक्षाला ती ऐकायला वेळ लागला.

आपल्या लोकांचा या कहाणीशी एक सांधा आहे. गोल्डवॉटरच्या दारुण पराभवाने हाऊसच्या, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या, ४३५ पैकी २९५ जागा डेमोक्रॅटांकडे गेल्या. त्याच काँग्रेसने १९६५ या एका वर्षात मेडिकेअर, मतदान हक्क कायदा आणि नवा स्थलांतर कायदा केला. त्याआधी भारताचा कोटा वर्षाला १०० माणसांचा होता. न्यू जर्सीत आणि शिकागोत आज गणपती बसतात, महाराष्ट्र मंडळं चालतात, ती या कायद्याने उघडलेल्या दारातून गेलेल्या इंजिनियर-डॉक्टरांमुळे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना रिपब्लिकनांचा कमी कर आणि स्वकष्टाची भाषा मनापासून पटते, आणि त्यात गैर काही नाही. पण ती भाषा म्हणजे पक्ष, असं समजून चालणाऱ्यांना सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी (कुशल कामगारांच्या व्हिसाच्या) अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लागलं तेव्हा धक्का बसला. पुण्या-हिंजवडीत त्या रात्री फोनवर फोन झाले असतील. रेगन असा नव्हता, असं त्यांचं म्हणणं. बरोबर आहे, रेगनने १९८६ मध्ये कायदा करून सुमारे सत्तावीस लाख बेकायदा स्थलांतरितांना कागद दिले. त्याच्या मतदारांनी ते कधी मनापासून माफ केलं नाही, हेही त्याच्याइतकंच बरोबर आहे.

माझ्या म्हणण्याविरुद्ध सर्वांत ताजा पुरावा म्हणून २०२५च्या ४ जुलैला सही झालेला मोठा कर-कायदा पुढे केला जातो. पुढच्या दहा वर्षांत मेडिकेडमधून प्रचंड रक्कम कापली जाणार, म्हणजे शेवटी लहान सरकारचं तत्त्व जिंकलंच की! त्या कायद्याची बांधणी बघा. सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनला हात नाही. कापलेल्या पैशापेक्षा करकपात मोठी, त्यामुळे कर्ज वाढणारच. मेडिकेडमध्ये काम करत असल्याचा पुरावा दाखवण्याची अट घातली, आणि मिसुरीचे सिनेटर जोश हॉली यांनी अशी कपात नैतिकदृष्ट्या चूक आहे असा लेख मे महिन्यात लिहून जुलैमध्ये बाजूने मत दिलं. मध्यावधी निवडणुका नोव्हेंबर २०२६ मध्ये आहेत. कामाची ती अट राज्यांनी लागू करण्याची शेवटची मुदत १ जानेवारी २०२७ आहे.